एकाच सिनेमाच्या दोन प्रती आणि एक गायब झालेला श्लोक

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट १९९९ च्या शेवटची. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होतो. स्टॅन्ली कुब्रिकचा 'आईज वाईड शट' अमेरिकेत जुलैत लागला होता आणि दिवाळीनंतर त्याची चोरटी व्हीसीडी आमच्या मजल्यावर येऊन पोचली. कुणीतरी थिएटरात कॅमेरा लावून उतरवलेली. मध्येच एक माणूस उठून पडद्यासमोरून जायचा. टॉम क्रूझ, निकोल किडमन, आणि "लई बोल्ड आहे" ही ख्याती. एका कॉम्प्युटरपुढे आम्ही अकरा जण.

अर्ध्या तासात सहा जण झोपायला गेले. कारण सिनेमात काही घडतच नव्हतं. मुखवट्यांचा तो प्रसिद्ध प्रसंग आला तेव्हा उरलेले सावरून बसले. तिथेही प्रत्येक वेळी नेमका कुणीतरी काळा झगा घातलेला इसम मध्ये उभा. आणि तेवढ्यात माझा बार्शीचा रूममेट ओरडला, "आरं थांब, मागं घे की जरा!"

आम्हाला वाटलं याला काहीतरी दिसलं. त्याला ऐकू आलं होतं. शाळेत असताना गीतापठणाच्या स्पर्धेत जिल्ह्यात बक्षीस घेतलेला गडी. म्हणाला, "हा चौथा अध्याय आहे." पुन्हा लावलं. खरंच, मागे दाक्षिणात्य वळणाच्या आवाजात कुणीतरी गीतेतला श्लोक गात होतं. अवतार का घेतो, हे सांगणारा. आपल्यापैकी निम्म्यांना तो पाठ असेल. खोलीत एकदम शांतता. मग एकजण हसला, एकजण चिडला आणि रात्री दोनपर्यंत भांडण चाललं.

त्यानंतर साधारण दहा वर्षांनी मी तोच सिनेमा चांगल्या डीव्हीडीवर पाहिला. काळे झगेवाले मध्ये उभे नव्हते. समोर सगळं उघडं. आणि श्लोक? नव्हताच. त्याच जागी त्याच धाटणीचा आवाज, पण शब्द दुसरे. मला वाटलं आपलीच आठवण दगा देतेय. बार्शीला फोन लावला. तो म्हणाला, "मी मरेन पण तो श्लोक विसरणार नाही."

म्हणजे एका प्रतीत श्लोक होता आणि अंगं झाकलेली होती. दुसऱ्या प्रतीत अंगं उघडी होती आणि श्लोक काढलेला होता. सिनेमा एकच. मग हे केलं कुणी आणि कुणाला विचारून? गेली काही वर्षं सवड मिळेल तसं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी सिनेमाविषयी थोडं. गोष्ट चार ओळींची आहे. न्यूयॉर्कमधला एक सुखवस्तू डॉक्टर. एका रात्री बायको त्याला सांगते की एकदा सुट्टीवर असताना एका नौदल अधिकाऱ्याला नुसतं पाहून तिच्या मनात सगळं सोडून जायचा विचार आला होता. घडलं काहीच नव्हतं. पण नवरा हादरतो, घराबाहेर पडतो आणि रात्रभर शहरात भटकतो. भटकत भटकत श्रीमंतांच्या एका गुप्त मुखवटा-समारंभात घुसतो, पकडला जातो. एक अनोळखी बाई स्वतःवर ओढवून घेऊन त्याला सोडवते. दुसऱ्या दिवशी एका बाईचा मृत्यू झाल्याचं कळतं. ती तीच का? खून की अपघात? एक माणूस खुलासा करतो, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कुब्रिक आपल्यावर सोडतो.

१५९ मिनिटं. नाताळच्या दिव्यांचा पिवळा उजेड, निळ्या खिडक्या, एकच सूर पुन्हा पुन्हा टोचणारा पियानो, आणि प्रत्येक वाक्य दोनदा विचारणारी पात्रं. स्वप्नात आपण चालतो आणि पोचत नाही, तसा सगळा अनुभव. जाहिरातींनी लोकांना कामुक थरारपट विकला होता आणि आत निघालं हे. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर होता, पण प्रेक्षकांच्या पाहणीत त्याला 'डी मायनस' मिळाला. समीक्षकही दुभंगले. काहींना मास्टरपीस वाटला, काहींना म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा कंटाळवाणा हट्ट. कुब्रिक हे ऐकायला नव्हता. कंपनीच्या लोकांना आणि दोन्ही कलाकारांना संपादित सिनेमा दाखवून झाल्यावर काही दिवसांतच, ७ मार्च १९९९ ला, तो इंग्लंडमध्ये वारला. चित्रीकरण चारशे दिवस चाललं होतं. अखंड चित्रीकरणाचा विक्रम म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

आता मागे जाऊ या, कारण या सिनेमाच्या घराण्यात झाकाझाकीचा इतिहास जुना आहे.

सिनेमा बेतलाय आर्थर श्निट्झलर या ऑस्ट्रियन लेखकाच्या १९२६ च्या लघुकादंबरीवर. श्निट्झलर व्हिएन्नाचा, ज्यू, पेशाने डॉक्टर. माणसं तोंडाने एक बोलतात आणि मनात दुसरंच चालू असतं, हा त्याचा विषय. त्याच व्हिएन्नात राहणाऱ्या फ्रॉइडने १९२२ मध्ये त्याला पत्र लिहून कबूल केलं की मी तुम्हाला भेटायचं टाळत आलो, कारण तुमच्यात मला माझाच जुळा दिसतो.

या श्निट्झलरचं 'रायगन' नावाचं नाटक आहे. दहा पात्रं, दहा प्रसंग. सैनिकापासून सरदारापर्यंत सगळे एकाच साखळीत गुंफलेले, आणि बहुतेक प्रसंगांच्या मध्यभागी जे घडतं ते लेखकाने पानावर नुसत्या रेघांनी दाखवलेलं. म्हणजे लिहिलेलं काहीच नाही! १९२० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये प्रयोग झाला, पुढच्या फेब्रुवारीत व्हिएन्नात. व्हिएन्नात चालू प्रयोगात जमाव घुसला, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, प्रेक्षकांना मारहाण केली. 'ज्यूंनी चालवलेली घाण' असा प्रचार आधीपासून चालू होताच. बर्लिनमध्ये दिग्दर्शक आणि नटनट्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि १९२१ च्या शेवटी सगळे निर्दोष सुटले.

पण कोर्टात जिंकूनही लेखक थकला. त्याने स्वतःच नाटकाच्या प्रयोगांना परवानगी द्यायचं बंद केलं. ती बंदी त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं, १९८१ अखेरपर्यंत टिकली. १९३१ मध्ये तो गेला आणि १९३३ मध्ये नाझींनी ज्यांची पुस्तकं जाळली त्यांत त्याचीही होती.

त्याच नाटकावर मॅक्स ओफुल्सने १९५० मध्ये फ्रान्समध्ये सिनेमा काढला, 'ला रोंद'. न्यूयॉर्क राज्याने तो 'अनैतिक' म्हणून अडवला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९५४ च्या जानेवारीत कोर्टाने ती बंदी उडवली.

इथे थोडं थांबा. जमाव, खटला, बंदी हे सगळं वाईटच. पण प्रत्येक वेळी आरोप करणारा समोर होता. त्याचं नाव होतं, त्याला उत्तर देता येत होतं. आपल्याकडेही हेच झालंय. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' अडलं, तेव्हा कमलाकर सारंग परिनिरीक्षण मंडळाविरुद्ध हायकोर्टात गेले आणि लढून जिंकले. कुठलं वाक्य का अडवलं, त्यावर काय युक्तिवाद झाला, हे आज आपल्याला माहीत आहे कारण भांडण उघड्यावर झालं.

१९९९ मध्ये काय झालं बघा.

अमेरिकेत १९६८ पासून सिनेमांना प्रमाणपत्र देते ती चित्रपट कंपन्यांचीच संघटना, सरकार नव्हे. कायद्याने काही अडत नाही. पण 'एनसी-१७' हा प्रौढांपुरता शिक्का बसला की अनेक थिएटरं सिनेमा लावत नाहीत, अनेक वर्तमानपत्रं जाहिरात घेत नाहीत, तेव्हा मोठी व्हिडिओ दुकानंही कॅसेट ठेवत नसत. धंदा बसतो. म्हणून कंपनीला 'आर' हवा होता. मंडळाला मुखवट्यांच्या प्रसंगातली साधारण एक मिनिटभराची दृश्यं चालत नव्हती. कुब्रिक तर गेलेला. कापलं तर "कुब्रिकचा सिनेमा कापला" म्हणून बोंब झाली असती. मग कॉम्प्युटरवर माणसं तयार केली आणि दृश्यांपुढे उभी केली. तेच आमचे काळे झगेवाले! कंपनीचं म्हणणं होतं की असं काही करावं लागलं तर कुब्रिकची तयारी होती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी जोरदार निषेध केला. युरोपात मूळ दृश्यं तशीच दाखवली गेली. अमेरिकन लोकांना ती घरी डीव्हीडीवर मिळायला २००७ उजाडलं.

गंमत म्हणजे त्याच सिनेमात एक बाई मरून शवागारात पडलेली दाखवली आहे, विवस्त्र. त्याला हरकत नव्हती.

आता श्लोक. त्या प्रसंगाचं संगीत जोसेलिन पूक या ब्रिटिश संगीतकर्तीचं. आधी पडद्यावर मुखवटेवाल्यांचा विधी चालतो, तिथे तिने रुमानियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमधली प्रार्थना उलटी वाजवली आहे. तालमीच्या वेळी नृत्यदिग्दर्शिका ही जुनी ध्वनिफीत लावायची, कुब्रिकला ती ऐकूनच आवडली आणि त्याने पूकला बोलावून घेतलं. पुढच्या खोल्यांमधल्या दृश्यांसाठी तिने मणिक्कम योगेश्वरन या लंडनमधल्या कर्नाटक संगीताच्या गायकाचा आवाज वापरला. त्यांच्या आधीच्याच एका ध्वनिमुद्रणातला गीतेचा भाग तिने उचलला होता. म्हणजे ते जेव्हा गायले, तेव्हा या दृश्यासाठी गायलेच नव्हते.

सिनेमा लागला आणि हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदू महासभेने निषेध केला. वॉर्नर ब्रदर्सने जाहीर माफी मागितली, त्याच गायकाकडून तशाच धाटणीचं दुसरं गाणं गाऊन घेतलं आणि श्लोकाच्या जागी चिकटवलं. विषय संपला. आमच्या हॉस्टेलवर आलेली चोरटी प्रत ही अमेरिकन थिएटरातली असल्यामुळे तिच्यात झगेही होते आणि श्लोकही.

या प्रसंगाची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मुखवट्यांच्या समारंभाचं आतलं चित्रीकरण इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात एल्वेडन हॉल नावाच्या वाड्यात झालं. हा वाडा एकेकाळी कुणाचा होता? महाराजा दुलीपसिंगांचा. रणजितसिंगांचा धाकटा मुलगा, पंजाबचा शेवटचा शीख राजा. १८४९ मध्ये दहा वर्षांचा असताना इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, कोहिनूर घेतला आणि १८५४ मध्ये त्याला विलायतेला नेलं. १८६३ मध्ये त्याने एल्वेडन विकत घेतलं आणि आतल्या खोल्या मुघल वळणाने सजवून घेतल्या. आठवणीतलं लाहोर बांधायचा प्रयत्न, दुसरं काय. तो १८९३ मध्ये पॅरिसला वारला, त्याला पुरलं मात्र एल्वेडनच्या चर्चच्या आवारात. पुढच्याच वर्षी दारू गाळणाऱ्या गिनीज घराण्याने वाडा घेतला आणि त्यात कोरीव संगमरवराचा हिंदुस्थानी थाटाचा भलामोठा दिवाणखाना घातला.

म्हणजे बघा, राज्य गेलेल्या राजाचा वाडा, साहेबाने हौसेने बांधून घेतलेला हिंदुस्थानी दिवाणखाना, आणि मागे गीता. कथेत यातल्या कशाचंही काम नाही. सगळं कशासाठी? वातावरणासाठी. धूप लावतात तसं.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. हा सिनेमा कथेवर चालत नाही, वातावरणावर चालतो. वातावरण तयार करताना जे हाताशी येईल ते वापरलं जातं: बायकांची शरीरं, चर्चची प्रार्थना, कुणाचा तरी श्लोक. आणि ज्याच्या घरातली वस्तू असते त्याला ती वस्तू नुसती 'वातावरण' म्हणून ऐकता येत नाही. माझ्या आजीला सकाळी न्हाणीघराबाहेर तांब्या ठेवताना हाच श्लोक पुटपुटायची सवय होती. हॉस्टेलच्या त्या रात्री मी हसणाऱ्यांत होतो. पण आजी शेजारी असती तर? मी नक्कीच आवाज बंद केला असता. म्हणून ज्यांना लागलं त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. अर्थ न विचारता कुणाची तरी भाषा आवाज म्हणून उचलायची, याला आक्षेप घेता येतो, घ्यावाही.

पण मग तोच प्रश्न त्या बायकांच्या बाबतीतही यायला हवा. त्यांनाही दिग्दर्शकाने सामान म्हणूनच वापरलं, असं म्हणणारे समीक्षक तेव्हाही होते. उलट बाजूने काहीजण म्हणतात, अहो, माणसाला सामान समजणाऱ्या श्रीमंतांवरच तर सिनेमा आहे! दोन्ही बाजूंत दम आहे. यावर चांगलं भांडण होऊ शकलं असतं. श्लोकावरही होऊ शकलं असतं. सज्जनांच्या रक्षणाचं वचन देणारा श्लोक नेमका अशा घरात, जिथे कुणाचंच रक्षण होत नाही, हा योगायोग की उपरोध? की नुसतं अज्ञान?

ते भांडण झालंच नाही. अमेरिकन मंडळाला नग्नता नको, घ्या, झगे उभे केले. हिंदू संघटनांना श्लोक नको, घ्या, काढला. कंपनीने दोघांचंही काही ऐकून घेतलं असं मला वाटत नाही. तिने हिशेब केला. कुठे किती तिकिटं जातील, एवढाच. डीव्हीडीचं पाकीट घेणाऱ्याला कुठे लिहून सांगितलं नाही की बाबा रे, इथे आधी दुसरं काहीतरी होतं. श्निट्झलरचे शत्रू थिएटरात घुसून ओरडले, म्हणून शंभर वर्षांनी आपण त्यांच्याविषयी वाचू शकतो. इथे पुरावा म्हणून उरली ती आमची चोरटी व्हीसीडी, आणि तीही घासून घासून बाद झाली.

हे जुनं प्रकरण आज काढायचं कारण २०२३. 'ओपनहायमर' आठवतोय ना? त्यात एका शय्यादृश्यात नायकाकडून गीतेतली ओळ वाचून घेतली जाते. पुन्हा वाद, पत्रं, दृश्य काढायची मागणी, आणि माहिती-प्रसारण खात्याने सेन्सॉर बोर्डाला विचारणा केल्याच्या बातम्या. त्याच सिनेमात भारतातल्या प्रेक्षकांना नायिका काळ्या पोशाखात दिसली. तो पोशाख तिने चित्रीकरणाच्या वेळी घातलाच नव्हता. कॉम्प्युटरने घातला होता. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये माझ्या शेजारी बसलेल्या जोडप्याला याचा पत्ताही नव्हता. आणि का असावा? कुठे लिहिलं होतं?

१९९९ मध्ये निदान झगे इतके ओबडधोबड होते की कॅमेऱ्याने उतरवलेल्या प्रतीतही खटकायचे. आता शिवण दिसत नाही. आता तर सिनेमा आपल्या कपाटातही नसतो, कुणाच्या तरी सर्व्हरवर असतो. काल पाहिलेला प्रसंग आज तिथे असेलच याची खात्री नाही, आणि नसला तर "आपलीच आठवण दगा देतेय" असं वाटणार.

माझी मागणी साधी आहे. झाकायचं तर झाका. लोकांच्या भावना असतात, मुलं असतात, धंदाही असतो, मान्य. पण झाकलंय हे सांगा. सुरुवातीला एक पाटी टाका: अमुक मिनिटाला अमुक बदल, अमुक कारणाने, अमुक जणांच्या सांगण्यावरून. सिगारेट दिसली की कोपऱ्यात सूचना टाकतोच ना आपण? मग ज्याला भांडायचंय तो भांडेल, ज्याला पटेल तो मान डोलवेल. पण काय चाललंय ते दोघांनाही माहीत असेल.

हा सगळा मजकूर रूममेटला आधी वाचून दाखवला. तो आता बार्शीत शाळेत मास्तर आहे आणि गीतापठणाच्या स्पर्धेला परीक्षक असतो. मी विचारलं, "तुला काय वाटतं, श्लोक काढला ते बरं झालं का?" तो म्हणाला, "बरं झालं. मला त्या रात्री झोप नव्हती लागली." मग थोडं थांबून म्हणाला, "पण मला न सांगता काढला, हे नाय आवडलं."

तुमच्यापैकी कुणी ही मूळ प्रत पाहिली असेल तर जरूर लिहा. आणि श्लोक असावा की नसावा यावर भांडायचं असेल तर खाली जागा आहे. उघड भांडा.